हळदीचे हात: नाटक नाही, फोटो स्टुडिओ

...अन् वरून मलेच विचारते, "बाबू, पडदा कवा उघडते?" आता तुम्हाले सांगतो, तो पडदा उघडत नाही! उघडणाराच नाही तो! तो फोटोच्या मागं लावायचा लाल कपडा आहे, त्याच्या मागं शाळेची भिंत आहे, अन् भिंतीवर पाढे लिहून आहेत, बे एके बे, ते पाहाले आली का ही म्हातारी पोतं घेऊन? पण नाही. रुख्माबाई म्हणजे आमच्या गावच्या पहिल्या रांगेची मालकीण, मंडईच्या जत्रेतलं एक नाटक सोडलं नाही तिनं जन्मात, ती पोतं टाकून, शाल गुंडाळून, पानाचा डबा मांडीवर घेऊन अशी बसली की आता कोणी का येईना, उठत नाही. अन् तिच्या मागं? सारं गाव! मी हात जोडून सांगून राहिलो, आजी, मी फोटोवाला आहो, नाटकवाला नाही! तं ती बाजूच्या बाईले म्हणते, "सुरुवात चांगली घेतली वो यानं."

तुम्ही म्हणाल, असं झालं कसं? मी बी तेच म्हणून राहिलो ना! मी हेमराज. इटियाडोहच्या कालव्यावर आमचं गाव, अन् गावातून अर्जुनीकडे निघालं की पंक्चरच्या दुकानाले लागून एक शटर आहे, त्याच्यावर पाटी आहे, 'हळदीचे हात, वेडिंग फोटोग्राफी', ते दुकान माझं. त्याच्या आधी मी राइस मिलमधी होतो, भरडाईवर. धान इकडून जाते, तांदूळ तिकडून निघते, अन् कोंडा कुठं जाते? माझ्या छातीत! असा खोकला, असा खोकला की मी गल्लीच्या टोकाले असलो तं बायको घरात ताट वाढायले घे. मंग एक दिवस ठरवलं, बस झालं बाप्पा, मिल सोडली, होतं नव्हतं ते कॅमेऱ्यात घातलं. माझा साळा त्याच मिलमधी मुनीम, तो म्हणते, "भाऊजी, संक्रांतीपर्यंत तुमची जागा धरून ठेवतो. तवापर्यंत एक तरी लग्न भेटलं तं तुमचं नशीब, नाही तं गुपचूप या परत." एक लग्न! एकच! इतका मोठा जिल्हा, तुळशीचं लग्न झालं की रोज कुठं ना कुठं मांडव पडते, त्यातलं एक मले भेटू नये?

आता नाव कायले असं ठेवलं, तेही सांगतो. दुर्गा, म्हणजे माझी बायको, ती म्हणे, "अजी, साधं ठेवा ना, हेमराज फोटो स्टुडिओ." पण मी मोबाईलवर एका माणसाचा व्हिडिओ पाह्यला होता, काळा चष्मा लावून तो धंदा शिकवते, तो म्हणे, "नाम ऐसा रखो के सीधा दिल में उतरे!" उतरलं ना! दिलात असं उतरलं की बाहेरच निघत नाही! अन् तोच चष्मेवाला म्हणे, जेब में पैसा नही तो क्या, दिमाग लगाओ. लावला दिमाग. रील बनवली. दुर्गाले पिवळं पातळ नेसवलं अन् धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, हळू हळू चालायले लावलं. पाह्यली कोणी? एक मी, एक दुर्गा, अन् एक कुठलातरी राजस्थानचा पोट्टा, त्यानं लिहिलं, 'नाइस डिअर'. त्यानंतर दुर्गा धुऱ्यावर गेली नाही, काहीही म्हटलं तरी नाही गेली.

मंग फ्लेक्स लावला चौकात. नवरदेव-नवरी पाहिजे होते फ्लेक्सवर, मॉडेल आणायची आपली ऐपत नाही, तं मीच बाशिंग बांधून उभा राह्यलो अन् बाजूले दुर्गाले उभं केलं. अख्खं गाव विचारे, "काऊन गा हेमराज, दुसरं लग्न करून राहिला का?" मी म्हणो, बायको तं तीच आहे ना! तं म्हणे, "तेच तं समजून नाही राहिलं." अन् पहिल्याच वाऱ्यात फ्लेक्स गायब. शोधून शोधून थकलो, अन् सापडला कुठं? टिकारामच्या वावरात, कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्यावर! पाऊस येऊन राहिला होता म्हणून त्यानं झाकण टाकलं होतं. मी म्हटलं, टिकाराम, तो माझा फ्लेक्स आहे गा! तं तो शांतपणे म्हणते, "मंग? तुझा आहे म्हणूनच तं पालथा टाकला, तोंडं खराब नको व्हायले." अन् मी निघालो तं मागून आवाज देते, "हेमराज, माल चांगला आहे बरं, थेंब गळला नाही!" तुम्हाले सांगतो, माझ्या धंद्याले भेटलेली ती पहिली शाबासकी.

मंग राह्यलं काय? राह्यला भोंगा. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगावी मंडई, मंडई म्हटली की नाटक, अन् नाटक म्हटलं की ऑटोवर भोंगा बांधून फिरणारा आमचा ओमेश. हा ओमेश म्हणजे... काय सांगू! याले साधं बोलताच येत नाही. जन्मभर नाटकाचे पुकारे करून करून याचा गळाच तसा झाला. टपरीवर चहा मांगते तं कसा मांगते? "एक कप... फक्त एक कप चहा... पण त्या चहाच्या घोटामागं दडलंय तरी काय?" चहावाला घाबरून दोन कप देते! तं वेगळा ऑटो लावायले मी पैसे कुठून आणू, ओमेश म्हणे, "भाऊ, मी बाजूच्या गावच्या नाटकाचा पुकारा करत फिरूनच राहिलो, मधामधात तुमचं घुसवून देतो, तुम्ही फक्त डिझेलले हात लावा अन् नाश्ता चारा." मले वाटलं, चला, स्वस्तात काम झालं! मी त्याले साधं सरळ सांगतलं, लग्नाचे फोटो, व्हिडिओ, अल्बम, माफक दर, शनिवारी मंडईत शाळेच्या पटांगणात टेबल लावून राहिलो, जोडप्यांचे नमुना फोटो मोफत. संपलं. यात चुकायसारखं काही आहे का?

दुसऱ्या दिवशी मी दुकानात बसून राहिलो, अन् कालव्याकडून आवाज आला...

"मायबाप रसिक होऽऽ! येत्या शनिवारी... आपल्या गावच्या मंडईत... शाळेच्या भव्य पटांगणात... येत आहे... हळदीचे हात! होय होय, हळदीचे हात! तिच्या हातावरची हळद... अजून वाळलीही नव्हती! मांडवातली ती पहिली नजर... सासरी जाताना तो शेवटचा निरोप... अन् बापाच्या डोळ्यातलं ते पाणी! सारं सारं टिपून घेणार... हेमराज! सोबत दुर्गा! प्रवेश सर्वांना अगदी मोफत! पाहायला विसरू नका, हळदीऽऽचे हाऽऽत!"

माझ्या हातातला लेन्स पुसायचा कपडा खाली पडला. धावत गेलो, ऑटोच्या पुढं आडवा झालो, म्हटलं, ओमेश, अबे फोटो कुठं आहे याच्यात? फोटो हा शब्दच नाही! तं म्हणते, "भाऊ, तो शब्द लयीत बसत नव्हता." लयीत बसत नव्हता! ज्या शब्दावर माझं पोट आहे तो एकच शब्द याच्या लयीत बसत नव्हता! अन् बाकी, तुम्हीच सांगा, खोटं काय बोलला तो? नजर टिपतो आपण, निरोप टिपतो, बाप रडला तं तेही टिपतो... वकील लावला असता तरी त्याले पकडता आलं नसतं. अन् म्हणे, "तुमचं हे पुरं गाव फिरून झालं, पलीकडच्या दोन टोल्या-वस्त्या बी झाल्या." झालं!

अन् यंदाच नेमकं मंडई भरवणाऱ्या मंडळात भांडण. अर्धे म्हणे नाटक आणू, अर्धे म्हणे नाचाची पार्टी आणू, शेवटी काहीच आणलं नाही. आता मंडई आहे अन् नाटक नाही, म्हणजे काय हे आमच्याकडच्या माणसालेच समजते. मंडईले घरोघरी पाहुणे येते, लेकी-जावई येते, सोयरिकी जमते, त्या पाहुण्यायले दाखवायचं काय, कालवा? गाव आधीच तोंड पाडून बसलं होतं, अन् त्यात हा भोंगा! लोक म्हणे, आलं बाप्पा, आपल्या गावाले बी नाटक आलं!

तं शनिवारी सांजेले मी पटांगणात. टेबल, टेबलावर दोन अल्बम, दोन्हीत दुर्गाच. भिंतीवर लाल कपडा, दोन बाजूले दोन लाइट. अन् दिवेलागण झाली तसे लोक यायले लागले... पोती घेऊन, चटया घेऊन, शाली, स्वेटर, लेकरं, उकडलेल्या शेंगा... अल्बमकडे पाहाले कोणी तयार नाही! टेबल उचलून बाजूले ठेवलं, म्हणे दिसत नाही मागच्यांले! मी ओरडून राहिलो, मी फोटोवाला आहो गा, नाटकवाला नाही! मागून कोणी म्हणते, "आवाज वाढवाऽऽ!"

अन् तेवढ्यात आले खुशालजी. खुशालजी म्हणजे गावातलं मोठं घर, ट्रॅक्टर, बोअर, कालव्याच्या दोन्ही बाजूले धानाच्या बांध्या, अन् एकच लेक, रेणू. मी मिल सोडली त्या दिवसापासून माझा डोळा त्या लग्नावर. चांगल्या नजरेनं म्हणून राहिलो, फोटोच्या नजरेनं! रेणूच्या लग्नाचे फोटो आपण काढले की तो अल्बम साऱ्या तालुक्यातले सोयरे पाहणार, मंग मिलकडे पाहाची गरज नाही. तं खुशालजी आले, अन् त्यांच्या संगं लाखांदूरकडचे पाहुणे, फेटे, शाली, मुलाचा बाप, मुलाचा मामा, आत्या... पहिल्या रांगेत बसले, रुख्माबाईनं बी थोडं पोतं सरकवलं. खुशालजी माझ्या कानाशी आले. "हेमराज, काय लावून राहिला हे? मी त्यायले सांगून आणलं, आमच्या गावी नाटक आहे म्हणून. जेवण झालं, आता नाटक पाह्यल्याशिवाय बोलणीले बसत नाही म्हणते."

मी म्हटलं, खुशालजी, तुम्हाले तं माहीत आहे ना, मी फोटोवाला आहो, नाटकवाला नाही.

"मले समजते गा. त्यायले समजलं नाही पाहिजे. उभा राह्य अन् बोल काही बी. पोरीचं जमून राहिलं." अन् मंग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणते, "जमलं तं रेणूचे फोटो तुझ्याशिवाय कोणाले देऊ मी?"

आता सांगा! उभं राहायचं की नाही राहायचं?

ओमेशनं माईक दिला. तो बी नाटकवाल्यांचा, त्याच्यात आवाज घुमते. मी म्हटलं, "मंडळी, मी फोटोवाला आहो..." तं भोंग्यातून, "आहो... आहो... आहो..." टाळ्या! माणूस घाबरला की खरं बोलते, मी खरंच बोलत सुटलो. मिलचं सांगतलं, कोंड्याचं सांगतलं, साळ्यानं संक्रांतीपर्यंत जागा धरली ते सांगतलं. रीलचं सांगतलं तं लोक हसले, पुंजण्याचं सांगतलं तं टिकाराम उभा राहून नमस्कार करते, जशी त्याचीच भूमिका! अन् मी म्हटलं, कॅमेरा घेतला त्या दिवसापासून एका माणसानं मले विचारलं नाही, की हेमराज, तू येशील का आमच्या लग्नाले... तं बायांनी पदर डोळ्याले लावले. अवं, रडता कायले? तुमच्याच पोरांच्या लग्नाचं बोलून राहिलो मी! बोलवा ना मले! पण नाही, त्यायले तो संवाद वाटून राहिला.

अन् तेवढ्यात गर्दीतून दुर्गा आली. कोणीतरी घरी जाऊन सांगतलं होतं, तुझा नवरा मंडईत रडून राहिला. पिठाचे हात तसेच. "अजी, चला घरी! लाज नाही का राह्यली?" पब्लिक म्हणते, "नायिका आली! नायिका आली!" शिट्ट्या! मी तिले खुणावतो, बाई, जा, ती माझा हात धरून ओढते, माईक आमच्या दोघांच्या मधात, अन् तिले काय माहीत तो चालू आहे! ती आपली माझ्याशी बोलून राहिली अन् साऱ्या गावाले ऐकू येऊन राहिलं.

"रडून कोणी काम देते का? नाही देत तं नको देऊ म्हणा. पण मिलमधी मी तुम्हाले जाऊ देणार नाही, भाऊले मी सांगून देईन. तुम्ही तिथून यायचे तं उंबरठ्यावरच बसायचे, आत यायपुरता दम नव्हता राहत. मी गिलास घेऊन उभी, तुमचा खोकला थांबायची वाट पाहो. मले वाटे, आज थांबते की नाही थांबत. एक घास कमी खाऊ आपण. पण त्या कोंड्यात मी तुम्हाले पुन्हा नाही टाकत."

 शेंगा फोडायचा आवाज बंद. तुम्हाले सांगतो, इतक्या वर्षांत हे घरी कधी बोलली नव्हती ती. मले एवढंच समजायचं, ताट वाढून ठेवते, संपलं. ती गिलास घेऊन उभी राहे तवा तिच्या मनात हे चालू असे, हे मले सगळ्या गावासंगं, भोंग्यावरून समजलं. मले रडू आलं. खरं रडू. मी तिच्या पिठाच्या हातात तोंड घालून रडलो, अन् ओमेशनं बरोबर त्याच वेळेले लाइट बंद केले. काय टाळ्या पडल्या! अन् अंधारातून रुख्माबाई, "पोट्टी लय चांगली काम करते वो, कोणत्या गावची आणली?" अवं, तुझ्या घरामागं राहते ती! रोज तुझ्या दारावरून पाण्याले जाते!

अन् लाइट लागल्यावर विचारते, "दुसरा अंक कवा?"

त्या सांजेले रेणूचं जमलं. पाहुणे म्हणे, ज्या गावात असं नाटक होते ते गाव चांगलंच असणार. सकाळी मी दुकानात झाडून पुसून बसलो, दोन्ही अल्बम नीट मांडले, दुर्गानं उदबत्ती लावून दिली. आले खुशालजी. पेढे आणले. मी हात पुसून उभा. ते म्हणते, "हेमराज, तू माझी इज्जत ठेवली गा." मी म्हटलं, हे काय बोलणं झालं, तुमच्या लेकीचं लग्न ते माझ्या बहिणीचं, हळदीपासून पाठवणीपर्यंत मी एक क्षण सोडणार नाही. तं त्यायनं पेढ्याचा डबा माझ्याकडे सरकवला. मंग म्हणते, "फोटोचं... ते पाहुण्यायनं त्यांच्या वळखीच्या माणसाले देऊन टाकलं. गोंदियाचा आहे, ड्रोन आहे म्हणे त्याच्याजवळ. मी काय बोलू, मुलाकडचे आहेत. पण त्यांची एकच इच्छा आहे, हळदीच्या सांजेले तुमचं ते नाटक पाहिजे म्हणते. अन् ते उंबरठ्याचं सोडू नका म्हणते, मुलाच्या आत्याले ते लय आवडलं."

मी म्हटलं, खुशालजी... मी फोटोवाला आहो.

"हो हो," ते म्हणते, "तिथूनच सुरू करा!"

घरी गेलो, दुर्गाले सांगतलं. मले वाटलं, भडकणार. ती कणीक मळून राहिली होती, वर पाह्यलं नाही. म्हणे, "मिलपेक्षा बरं." अन् थोड्या वेळानं, "मी काही रोज रोज तेच नाही बोलणार पण." बोलली. बोलते. आता गावोगावचे मंडळवाले फोन करून विचारते, हळदीचे हात मोकळे आहेत का कोणत्या तारखेले? साळ्यानं माझी जागा दुसऱ्याले देऊन टाकली, तोही पहिल्या रांगेत येऊन बसते. शटर रोज उघडतो मी, अल्बम पुसतो. लग्नाचं विचारायले अजून कोणी आलं नाही.

तं रेणूच्या हळदीची सांज. मांडव भरला, ओमेशनं पुकारा केला, मी उभा राह्यलो, दुर्गा आली, गिलासाचं बोलली, अन् सांगू का, दर वेळेले मले वाटते की आज नाही येणार, पण येते, रडू येतेच. तसं आलं. अन् समोरून टॉर्चसारखा एक उजेड तोंडावर. पाहतो तं तो गोंदियावाला, गळ्यात दोन दोन कॅमेरे, गुडघ्यावर बसून माझा फोटो काढून राहिला. आधी मुकाट्यानं काढे, मंग हात हलवून मले म्हणते, "भैया, थोडासा इधर घूम के रोइए ना, लाइट अच्छा आ रहा है।"

अन् तुम्हाले सांगतो, वळलो मी. काय करता? उजेड त्यानं बरोबर धरला होता.